मुकं जातं

मी आयुष्यभर लोकांच्या गप्प झालेल्या वस्तू बोलत्या केल्या. बोलती वस्तू गप्प करायचं काम माझ्याकडे एकदाच आलं, आणि ते मी इतकं चोख केलं की आजही सांगताना कॉलर ताठ होते. त्याच कामानं पुढे मला मान खाली घालायला लावली. तेही सांगणार आहे, पण क्रमानं.

महाराष्ट्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. उंद्रीच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी खामगावला एका उस्तादाच्या हाताखाली काम शिकून आलो होतो, आणि आसपासच्या गावांत त्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. हे लोक म्हणायचे. मी फक्त त्यांना अडवायचो नाही. स्वभाव मस्करीचा. कोणी रेडिओ घेऊन आला की आधी चार टोमणे, मग स्क्रू ड्रायव्हर. "काय पाटील, रेडिओ बंद हाय की घरात तुमालेच कोनी बोलू देत नाही?" असं काहीतरी. लोक हसायचे आणि पुन्हा यायचे. माझं असं पक्कं मत होतं की हसवणाऱ्या माणसाला जगात कोणी घाबरत नाही.

एका दुपारी आमच्या गावच्या नर्सबाई दुकानात आल्या. त्या जालन्याकडच्या. गावाच्या टोकाला सरकारी दवाखान्याच्या दोन खोल्या होत्या आणि मागच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या. माझ्या दुसऱ्या मुलीच्या वेळी बायको मरता मरता वाचली होती. रक्त थांबेना, तेव्हा याच बाईंनी तिला बैलगाडीत घालून सडकेपर्यंत नेलं, आडवं उभं राहून एसटी थांबवली आणि तिला चिखलीच्या दवाखान्यात पोचवलं. त्यामुळे त्यांनी दुकानातला सगळ्यात चांगला रेडिओ उचलून नेला असता तरी मी हूं की चूं केलं नसतं.

त्यांनी वेगळंच विचारलं.

"भाऊ, टेपवर बोललेलं पुसायचं असलं तर किती वेळ लागतो?"

"जितका वेळ बोलले तितका," मी म्हणालो. "नवं भरत जायचं, जुनं पुसत जाते. अर्धा घंटा बोलले असान त अर्धा घंटा."

"मला पाच मिनिटं सुद्धा मिळायची नाहीत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तेव्हा लूप नवीन आली होती. पाळणा लांबवायचं साधन, दवाखान्यात जाऊन बाईच्या अंगात बसवून घ्यायचं. गावात तिच्याबद्दल काय काय उठलं होतं! ती काळजापर्यंत चढते, नवऱ्याला झटका बसतो, बाई वाळत जाते. तरी बाया गुपचूप येऊन बसवून घेत होत्या. नागपूरच्या एक प्राध्यापक बाई यावर अभ्यास करत होत्या. बायांना खरं काय वाटतं ते त्यांना हवं होतं, आणि कागद-पेन बघितलं की बाया तोंडाला कुलूप लावतात. म्हणून त्यांनी नर्सबाईंकडे एक टेपरेकॉर्डर ठेवून दिला होता. दुपारी बाई एकटी खोलीत बसायची, दार लावायची आणि यंत्राशी बोलायची. नाव सांगायचं नाही. प्रत्येकीची स्पूल, म्हणजे टेप गुंडाळलेली चकती, वेगळी; महिन्याकाठी प्राध्यापक बाई येऊन त्या घेऊन जायच्या.

पण नाव नसलं तरी आवाज असतो. गावात आपल्या सुनेचा आवाज कोण ओळखणार नाही? एका सुनेनं लूप बसवल्याचं सासूला कुठून तरी कळलं, तर तिला पंधरा दिवसांत माहेरी, जानेफळला, धाडून दिलं होतं. तिची दोन्ही पोरं इकडेच ठेवून घेतली होती. आणि आता आदल्या दिवशी एक मोठे शेतकरी आपल्या आईला आणि चुलत्यांना घेऊन दवाखान्यात आले. आमच्या घरची बाई इथं येऊन काय बोलली ते ऐकवा म्हणाले. नर्सबाईंनी सेल संपलेत म्हणून वेळ मारून नेली.

"पुढच्या वेळेला सेल घेऊनच येतील," त्या म्हणाल्या. "तुमच्याच दुकानातून घेतील."

मी म्हटलं, जाळून टाका. त्या म्हणाल्या, जाळली तर वास सुटतो, आणि स्पूल नाही म्हटलं की लपवल्यासारखंच झालं. स्पूल जागेवर पाहिजे आणि त्यात काही नको. घ्या, लावा, ऐका, असं म्हणता आलं पाहिजे. कोरी टेप निघाली तर बिचाऱ्या बाईला यंत्र चालवता आलं नाही, एवढंच लोक म्हणतील. बायांना यंत्र चालवता येत नाही यावर तर सगळ्या गावाचा विश्वास आहे.

ही बाई माझ्यापेक्षा हुशार आहे हे मला तेव्हाच कळलं. तरी मी म्हणालो, "आठ दिवसात देतो. तुमी फिकीर करू नका."

टेप म्हणजे काय, तर लोखंडाचा बारीक गंज लावलेली पट्टी. आवाज तिच्यावर चुंबकानं लिहिलेला असतो. चुंबकानंच पुसायचा. मी जुन्या ट्रान्सफॉर्मरची तार सोडवून तिची जाड कॉइल गुंडाळली. लाइटवर लावली की ती भुंग्यासारखी घुमायची. तिच्यावरून स्पूल गोल फिरवत नेली आणि हळूहळू लांब केली की अर्ध्या मिनिटात साफ. करून बघायला मी माझ्याच आवाजात एक भजन भरलं आणि पुसलं. बायकोला बोलावून कोरी टेप ऐकवली.

"याच्यात तुमचं भजन होतं?" तिनं विचारलं.

"होतं."

"मंग तं लई उपकाराचं यंत्र हाय जी."

कॉइल घेऊन मी मोठ्या तोऱ्यात दवाखान्यात गेलो. नर्सबाईंना समोर बसवलं, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. लाइट गेली होती. आमच्या गावात लाइट दिवसातून तीनदा जायची, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझा अर्धा धंदा त्या लाइटच्या लहरीवर चालायचा. पण दुकानात बसून शोध लावणाऱ्याला गाव आठवत नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"भाऊ," नर्सबाई शांतपणे म्हणाल्या, "ती माणसं काही लाइट बघून येत नसतात."

मी कॉइल पिशवीत घातली आणि घरी आलो. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग डोक्यात आलं की दुकानात फाटक्या स्पीकरांचा ढीग पडलाय आणि प्रत्येकाच्या पाठीला एकेक चुंबक आहे. त्याला ना सेल लागतात ना लाइट. मी त्यातलं एक काढून स्पूलवर घासलं आणि टेप लावली. खर्र, खर्र, मग मध्येच माझं भजन, पुन्हा खर्र, पुन्हा भजन. जिथं चुंबक फिरलं तिथलं गेलं, जिथं हात चुकला तिथलं शाबूत. घाबरलेल्या माणसाचा हात तर चुकणारच. घासणं एकसारखं व्हायला हवं होतं, सगळीकडून, आणि न बघता.

बायको ओसरीत बसून हरभऱ्याची डाळ भरडत होती. लहान जातं, एका हाताचं. मी समोर बसून चहा पीत होतो आणि जात्याकडे बघत होतो. बघता बघता कप खाली ठेवला. खाली दगड, मध्ये खीळ, वर फिरणारा दगड, म्हणजे पाळं. खिळीवर स्पूल चपखल बसेल. वरच्या दगडात चुंबकं बसवली की प्रत्येक फेऱ्याला ती सगळ्या स्पूलवरून जाणार, हात कितीही कापला तरी.

"उठ," मी म्हणालो, "जातं पाहिजे."

"डाय होऊ द्या."

"डाय राहू दे. आता याच्यात डायीच्या जागी बायकाईची बोलनी दयाची हायेत."

मी जुनं फुटकं जातं मिळवून त्याचा खालचा दगड ठेवला. वरचा सागाच्या लाकडाचा केला, दगडासारखा रंगवला, पोटात तीन चुंबकं ठोकली. स्पूल खिळीवर घालायची, वीस फेरे, स्पूल पालथी करायची, पुन्हा वीस फेरे, आणि शेवटी फिरवत फिरवतच वरचं पाळं उचलायचं. दोन मिनिटंसुद्धा लागत नव्हती. टेप लावली की नुसतं सूं. मी पुन्हा पुन्हा भरून पाहिलं. माझं भजन कुठे नावाला उरलं नाही. मला इतका आनंद झाला की मी दुकान बंद करून घरी आलो आणि जातं बायकोपुढे ठेवलं.

तिनं खुंटा धरून चार फेरे दिले आणि हसली.

"मुकं हाय जी हे. कोन्तं जातं असं मुकं असते? दारात उभी राहून कोनी बाई आयकन, तिले लगेच कयन का याच्यात दगड नाही."

लाकूड दगडावर वाजत नाही. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, कारण मी जन्मात जातं ओढलं नव्हतं. मी लाकडाच्या कडेला दगडाची चीप बसवली, मग घरघर आली. तर ती म्हणाली, पीठ कुठंय? जात्याभोवती पीठ नसलं तर कोण्या सासूला खरं वाटेल? तेव्हा कडेला बेसन भुरभुरायचं ठरलं. स्पूल आत आहे म्हणून पाळं बोटभर उंच दिसतं, हेही तिनंच दाखवलं, आणि त्यावर फडकं गुंडाळायचं तिनंच सुचवलं. मी टोमणा मारला, "तू त गिऱ्हाइकापेक्षा जास्त खोड्या काढून राह्यली." ती म्हणाली, "चांगलं झालं पाह्यजे ना." इतकं चांगलं तिला कशाला हवं, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या बाळंतपणापासून ती नर्सबाईंकडे मदतीला जायची. त्यांच्यासाठी जीव तुटतो, एवढंच मी धरून चाललो होतो.

नर्सबाईंनी जातं खोलीच्या एका कोपऱ्यात ठेवलं. स्पूल विरुद्ध कोपऱ्यात, फळीवर ठेवायला मी बजावलं, नाहीतर जातं न फिरवताच घास घेईल. आणि मग, गंमत अशी, कोणी आलंच नाही. ते मोठे शेतकरी ज्वारीच्या कापणीत अडकले. दुकानात सेल घ्यायला आले तेव्हा मी मुद्दाम विचारलं, "काय पाटील, टेप आयकाले चालले काय?" ते ओशाळून हसले. पण माझ्या पोटात दुखत होतं ते वेगळं. एवढी बनवली वस्तू आणि तिला काम नाही. कोणीतरी यावं, एकदा तरी ते जातं फिरावं, असं मला वाटायचं. आता लिहितानाही लाज वाटते, पण वाटायचं.

कापणी आटोपत आली असेल. नर्सबाईंचा निरोप आला की टेपरेकॉर्डर अडखळतोय, प्राध्यापक बाई उद्या येणार आहेत, बघून जा. मी दुपारी सायकलवर गेलो. नर्सबाई एका मळ्यात बाळंतपणाला गेल्या होत्या. खोलीत माझी बायको एकटीच बसली होती, किल्ली तिच्याकडे. यंत्राचा पट्टा सैल झाला होता, तो मी बदलला. आता चालवून बघायला टेप हवी. फळीवर पाच-सहा स्पूल होत्या. नावं नाहीत, म्हणून ज्या बाईची स्पूल तिनं आपल्या पदराचा एक धागा काढून तिला बांधला होता. मी त्यातली सगळ्यात भरलेली उचलली.

"ते नका लावू," बायको म्हणाली. "दुसरी लावा. थे कोरी हाय तिकडं."

"कोऱ्या टेपनं काय कयते? आवाज फाटते का नाही ते पाह्यजे ना."

"नका ना जी."

"अवं, मी काय पाटील हाव का? मेक्यानिक हाव मी. डॉक्टरपाशी आन मेक्यानिकपाशी काय लपवाचं असते?"

हे माझं नेहमीचं वाक्य होतं आणि त्यावर बाया हसायच्या. ती हसली नाही. खरं सांगायचं तर आवाज फाटतो की नाही ते कोऱ्या टेपवर दोन शब्द भरूनही कळलं असतं. मला ऐकायचं होतं. गावातल्या बाया आपल्या नवऱ्यांबद्दल काय बोलतात, याची गंमत वाटत होती. स्पूल यंत्राशेजारी ठेवून मी सायकलच्या पिशवीतून तेलाची कुपी आणायला बाहेर गेलो. कुपी तळाशी होती, पिशवी उपसावी लागली. तेवढ्यात आतून घरघर ऐकू आली.

मी धावत आत आलो. ती जात्यापाशी बसली होती आणि खुंटा फिरवत होती. मला वाटलं, आला कोणीतरी! माझं जातं अखेर कामाला आलं! मी दाराकडे वळून सडकेवर पाहिलं. सडकेवर एक शेळी होती.

"कोन येऊन राह्यलं?" मी विचारलं.

तिचे ओठ हलत होते. फेरे मोजत होती. वीस झाले तशी तिनं स्पूल पालथी केली आणि पुन्हा वीस फेरे दिले. शेवटी फिरवत फिरवतच पाळं उचललं, जसं मी शिकवलं होतं अगदी तसं. मग स्पूल माझ्या हातात दिली.

"घ्या. लावा आता."

स्पूलला बांधलेला धागा हिरवा होता. समोर बसलेल्या माझ्या बायकोच्या पदराचा काठ हिरवा होता. मी तरीही टेप लावली, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना. दहा मिनिटं आम्ही दोघं बसून ते सूं ऐकत राहिलो. एक शब्द उरला नव्हता. इतकं स्वच्छ काम मी नंतर कधी केलं नाही.

"याच्यात तुयं होतं?" मी विचारलं.

"मायंच होतं. दुसऱ्या कोनाचं नाही मिटवलं मी."

"आन मी आयकलं असतं त काय झालं असतं?"

"तुमाले आयकाचं होतं, त मले इचाराचं होतं," ती म्हणाली. "टेपले काऊन इचारता?"

मला राग आला. अगदी आतून आला. ज्या पाटलांना अडवायला मी महिनाभर खपलो, त्यांच्या रांगेत माझ्या बायकोनं मला नेऊन बसवलं होतं. मी तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, कधी चढ्या आवाजात बोललो नव्हतो. गावात माझ्यासारखा नवरा दाखव म्हणालो. मी सायकल घेऊन निघून आलो आणि चार दिवस घुमेपणानं काढले. माझ्यासारख्या बडबड्याला चार दिवस गप्प राहणं म्हणजे काय ते मलाच माहीत. आई विचारायची, पोटात दुखतं का?

पाचव्या दिवशी सकाळी ती ओसरीत ज्वारी निवडत बसली होती. आई मुलींना घेऊन शेजारी गेली होती. मी सुपाच्या पलीकडे बसलो आणि विचारलं, काय होतं टेपेत?

तिनं मान वर केली नाही. खडे काढत काढतच बोलली. लूप तिनं दीड वर्षापूर्वीच बसवून घेतली होती, चिखलीहून परत आल्यावर. ते काही एवढं नाही, म्हणाली, ते तुम्ही ऐकलं असतं तरी मी सोसलं असतं.

"मंग?"

"मले मराचा भेव वाटते," ती म्हणाली. "त्या दिवशी गाडीत मले आपले पाय नव्हते लागून राह्यले. तवापासून रोज वाटते. नर्सबाईले सांगतलं, त्या टेपले सांगतलं. तुमाले सांगाले गेली का तुमी हासता."

"मी कवा हासलो?"

"लोनारले हासले. तुमच्या मायनं देवीपुढं नातवाचा नवस बोलला. मले तिथंच रडू येऊन राह्यलं होतं. तुमी देवीले म्हनलं, या खेपेले पोरगा नाही देला त तुह्या देवयातला भोंगा दुरुस्त नाही करनार. सगळे हासले. मी बी हासली."

ते मला आठवत होतं. ती मस्करी मी नंतर दुकानात कितीतरी जणांना रंगवून सांगितली होती.

माझ्या तोंडात त्याही वेळी काहीतरी गमतीचं आलं होतं. काय ते आता आठवत नाही, पण आलं होतं आणि मी ते गिळलं, एवढं आठवतं. गिळायला फार जड गेलं. सुपातली मूठभर ज्वारी मी माझ्याकडे ओढली आणि खडे काढायला लागलो. मला ते काम येत नव्हतं. ती बघत राहिली.

"टेपेत बोलली ते सारं सांग," मी म्हणालो. "पयल्यापासून."

तिनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मी हसत नाही याची तिनं नीट खात्री करून घेतली, आणि मग बैलगाडी दारात लागली तिथून सांगायला सुरुवात केली.